रिकाम्या हातांनी

गव्हाला ओंबी धरली होती आणि इनॉक थॉर्नबरीच्या मांडीतली गोळी अजून आतच होती. लढाईला दहा दिवस झाले होते. रोज सकाळी गायीची धार काढून झाली की केटुरा अळशीचं पोटीस शिजवायची, फडक्यावर पसरायची आणि बापाच्या मांडीवर बांधायची. जुनं पोटीस सोडवताना तो खाटेची कड धरून ठेवायचा. फडक्याबरोबर पू यायचा, गोळी यायची नाही.

"आज वास कमी आहे," ती म्हणायची.

"तुझ्या नाकाला सवय झाली," तो म्हणायचा.

इनॉक पासष्टचा होता. डोळ्यांवर चार वर्षांपासून पडदा आला होता. माणूस दिसायचा, माणसाचा चेहरा दिसायचा नाही. अक्षर तर नाहीच. रोज संध्याकाळी जेवणाआधी केटुरा त्याला वाचून दाखवायची, पवित्र पुस्तकातलं एक पान आणि जुन्या मित्रांच्या, म्हणजे त्यांच्या क्वेकर पंथातल्या लोकांच्या, रोजनिशीतलं एक. तिची आई मर्सी नऊ वर्षांपूर्वी गेली तेव्हा केटुरा सत्तावीस वर्षांची होती. तिच्यासाठी दोन स्थळं आली होती, पण बापाला कोण बघणार म्हणून ती राहिली, आणि मग तसंच राहून गेलं. ओढ्याकाठचं शेत, ओंडक्यांचं घर, एक गाय, एक बैल, आणि ही दोघं.

राजाने वसाहतीवर नेमलेल्या गव्हर्नरला इकडे कुणी पाहिलं नव्हतं. तो समुद्राकाठी राहायचा. तिथे त्याने स्वतःसाठी विटांचा महाल बांधला होता. महालही इकडच्या कुणी पाहिला नव्हता, पण त्याच्यासाठी कर वसूल करायला शेरिफ दर वर्षी दारात यायचा. दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या दिवसांत तो शेजारच्या आर्ची मॅकल्रॉयकडे आला आणि नांगरट अर्ध्यात थांबवून नांगराची घोडी सोडून घेऊन गेला. पुढच्या वसंतात आर्चीने घोडीचं जोत स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि त्याची बायको अ‍ॅग्नेस हिने मागे नांगराचं रुमणं धरलं. इनॉक कुंपणाशी उभा राहून बघत होता. धड दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने आपला बैल त्यांच्याकडे नेऊन बांधला.

मग या वर्षी मे महिन्यात डोंगरपट्टीतले लोक जमले. त्यांना गव्हर्नरला अर्ज द्यायचा होता. त्याआधी दिलेले अर्ज कुठे गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं. गव्हर्नर तोफा घेऊन आला. त्या सकाळी आर्ची कुंपणाशी आला आणि म्हणाला, "इनॉक, येतोस का? काही करू नकोस. नुसता शेजारी उभा राहा."

केटुरा लोणी घुसळत होती. बाप आत आला आणि त्याने खुंटीवरची बंदूक काढली. ती कावळ्यांसाठी होती. मित्रांच्या सभेतला माणूस माणसासमोर हत्यार धरत नाही. इनॉकच्या बापाने धरलं नव्हतं, त्याच्या बापानेही नाही. केटुराने रवी थांबवली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण तो डोकं खाली घालून बाहेर पडला आणि तिने पुन्हा रवी फिरवायला घेतली.

दुपारी तोफा ऐकू आल्या. संध्याकाळी दोन माणसांनी इनॉकला कुणाच्या तरी घराच्या काढलेल्या दाराच्या फळीवर निजवून आणलं. आर्चीला आणलं नाही. त्याला तिथेच पुरलं होतं, बाकीच्यांबरोबर.

*

अकराव्या दिवशी सभेचा चिटणीस मॉर्डेकाय पेल आला. सभेची वही तो सांभाळायचा. तो मर्सीचा मामेभाऊ होता आणि इनॉकशी त्याची तीस वर्षांची मैत्री होती. आल्यावर तो टोपी न काढता बाकावर बसला आणि दोघे बराच वेळ काही बोलले नाहीत. ही त्यांची रीतच होती. केटुराने ताक आणून ठेवलं.

"बंदूक हातात होती?" शेवटी मॉर्डेकायने विचारलं.

"होती."

"झाडलीस?"

"नाही."

"मग रिकामी होती असं लिहू?"

"रिकामी नव्हती. भरलेली होती."

मॉर्डेकायने डोळे मिटून घेतले. मग त्याने हळूहळू सगळं सांगितलं. ओढ्याच्या उताराजवळच्या गिरणीच्या कुरणात पलटणीची तुकडी बसली होती. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत जो जाईल आणि राजाशी इमान राखायची शपथ घेईल त्याला माफी होती. जो जाणार नाही त्याच्या गव्हात पलटणीचे घोडे सोडायचे आणि घर पेटवायचं असा हुकूम होता. मित्र शपथ घेत नाहीत हे कप्तानाला माहीत होतं. ज्यांचं 'हो' म्हणजे हो आणि 'नाही' म्हणजे नाही, त्यांना वेगळी शपथ कशाला लागते, हे समजून घेण्याइतका तो बरा माणूस होता. मित्राचा नुसता शब्द तो घेणार होता. पण समोरचा खरोखर मित्र आहे असा सभेचा दाखला त्याला हवा होता. आणि इनॉकने बंदूक धरलेली. सभा त्याला दाखला कसा देणार?

"म्हणजे सभेला मी सैनिक," इनॉक म्हणाला, "आणि कप्तानाला क्वेकर. दोघांनाही नको असलेला."

"झाल्याबद्दल दुःख झालं असा कागद लिहून दे. पहिल्या दिवशी सभेत मी तो वाचीन, तू उभा राहशील. मग दाखला मिळेल."

मित्र रविवारला पहिला दिवस म्हणायचे. इनॉकने विचारलं, "आणि नाही दिला तर, मर्सीशेजारची जागा?"

मॉर्डेकाय आपल्या तळव्यांकडे बघत होता. "दफनभूमीच्या कुंपणाच्या आत सभेचीच माणसं असतात, इनॉक. तो ठराव तूच मांडला होतास."

"मांडला होता," इनॉक म्हणाला. "तेव्हा मी तरुण होतो आणि कुणी मेलेलं नव्हतं."

मर्सीच्या डोक्याशी दगड नव्हता. मित्र कबरीवर नाव लावत नाहीत. मातीत सगळे सारखे. पण कोपऱ्यातल्या खांबापासून अकरा पावलं पूर्वेला, हे इनॉकने मोजून ठेवलं होतं. बारावं पाऊल त्याने स्वतःसाठी धरलं होतं.

*

केटुराने अक्रोडाच्या सालींची शाई काढली, पिसाला टोक केलं, आणि तो सांगत गेला तसं लिहिलं. पाचव्या महिन्यात मी हातात बंदूक घेऊन माणसांसमोर उभा राहिलो, हे आपल्या शिकवणीविरुद्ध आहे, वगैरे. मग तो थांबला. पाय सरकवून बघितला, जमलं नाही.

"लिही," तो म्हणाला. "बंदूक नेली याचं मला दुःख आहे. गेलो याचं नाही. आर्ची मॅकल्रॉय माझा शेजारी होता. तो पुन्हा बोलवायला आला तर मी रिकाम्या हातांनी जाईन."

तिने लिहिलं.

"वाच."

तिने वाचलं. त्याने मान हलवली आणि सही केली. पहिलं अक्षर ओळीवर आणि शेवटचं खाली घसरलेलं.

शनिवारी ती मका खुरपत होती तेव्हा मॉर्डेकाय कागद परत घेऊन आला. तो घोड्यावरून उतरला नाही, आणि असं तो कधी करायचा नाही. सभेपुढे नेण्याआधी कागद त्याने एकट्यानेच वाचला होता. बाकी सगळं चांगलं होतं, पण 'गेलो याचं नाही' आणि 'पुन्हा जाईन' हे वहीत कसं चढवायचं? उद्या कप्तानाने वही मागवली तर एकट्या इनॉकचं नाही, ओढ्याकाठच्या चाळीस घरांचं शेत जाईल. पलटणीला पीठ आणि बैल देऊन देऊन तशीच घरं रिकामी झाली होती.

"'मी जे केलं त्याचं मला दुःख आहे,' एवढं एकच वाक्य घाल," तो म्हणाला. "शेवटचं सगळं काढ. नीट उतरवून आण, वहीत लावायला स्वच्छ प्रत लागतेच."

"तो ऐकणार नाही."

"केटुरा, त्याचा पाय मी पाहिला. त्या पायाला किती दिवस आहेत ते तुला माहीत आहे. तो कुठे निजणार एवढंच आता आपल्या हातात आहे."

घोडा वळवून तो गेला. केटुराने खुरपं मातीत रोवलं आणि ती टेकाडावर चढली. तिथून अ‍ॅग्नेसचं शेत दिसायचं. आर्ची मेला होता, आणि मेलेल्या माणसाला शपथ घ्यायला जाता येत नाही, म्हणून दहा तारखेची वाट न बघताच पलटणीने त्याला न आलेल्यांत धरलं होतं. गव्हात वीसेक घोडे होते. ते नीट खातही नव्हते. ओंब्या तेवढ्या तोडत होते आणि पुढे सरकत होते, आणि मागे गहू आडवा पडत होता. अ‍ॅग्नेस दाराच्या उंबऱ्यावर मांडीवर हात ठेवून बसली होती. ओरडत नव्हती.

केटुरा घरी आली. हात धुतले. कागद घेतला आणि मॉर्डेकायने सांगितलं तसं उतरवलं. अक्षर चांगलं आलं. ते तिचं नेहमीच चांगलं यायचं.

इनॉक जागाच होता.

"मॉर्डेकायला वहीत लावायला स्वच्छ प्रत पाहिजे," ती म्हणाली. हे खरंच होतं.

तिने पीस त्याच्या बोटांत दिलं आणि सहीची जागा दाखवायला त्याचं मनगट धरलं. हात तापाने गरम होता. तो थांबला.

"मी सांगितलं तसंच आहे ना?"

बाहेर गाय हंबरली. धारेची वेळ झाली होती.

"हो," केटुरा म्हणाली.

त्याने सही केली. वाचून दाखव असं तो म्हणाला नाही.

जुना कागद तिने चुलीत घालायला घेतला होता. मग तो आईच्या, अळशीचे तंतू विंचरायच्या फणीच्या पेटीत, फणीखाली ठेवला.

*

पहिल्या दिवशी तिने बैलगाडीत पेंढा अंथरून त्याला सभागृहात नेलं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. मधे काही नाही, वेदी नाही, घंटा नाही. तासभर सगळे आपापल्या आत डोकावत गप्प बसले. इनॉकच्या मांडीचा वास हळूहळू सगळ्यांपर्यंत पोचला आणि कुणी नाकाला रुमाल लावला नाही. मग मॉर्डेकाय उठला आणि त्याने इनॉकचं नाव घेतलं.

इनॉक दाताळ्याच्या दांड्यावर भार देऊन उभा राहिला. गवत ओढायचं जुनं, दात झिजलेलं दाताळं. मॉर्डेकाय वाचायला लागला. तो संथ वाचायचा. केटुराने बापाच्या दोन्ही हातांकडे नजर लावली. 'हे आपल्या शिकवणीविरुद्ध आहे' इथपर्यंत हात तसेच होते. मग ते वाक्य आलं. मी जे केलं त्याचं मला दुःख आहे. इनॉकने मान किंचित तिरकी केली, पुढचं ऐकायला करतात तशी. मॉर्डेकायने कागदाची घडी घातली.

इनॉक तसाच थांबला. मग त्याने तोंड बायकांच्या बाजूला वळवलं. त्याला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता हे केटुराला माहीत होतं. पांढऱ्या टोप्यांची एक रांग दिसली असेल, तेवढीच. दांड्यावरची बोटं पांढरी पडली. तोंड उघडलं, मिटलं.

तो खाली बसला.

परतताना तो काही बोलेल म्हणून ती वाट बघत होती. ओढा आला, ओढा गेला. चढावर बैलाने पाय रोवले तेव्हा गाडी हिसकली आणि पेंढ्यातून त्याचा आवाज आला.

"गव्हाला किती दिवस आहेत?"

"आठ," ती म्हणाली. "ऊन राहिलं तर सहा."

*

दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन ती त्याला गिरणीच्या कुरणात घेऊन गेली. रांग मोठी होती. आपापली बंदूक ढिगावर टाकायची, मग टेबलाशी जायचं. कप्तान तरुण होता आणि त्याला उन्हाचा त्रास होत होता.

"टोपी काढ," तो न बघता म्हणाला.

"नाही काढत," इनॉक म्हणाला. "तुझ्यासाठी म्हणून नाही. तुझा राजा आला तरी काढायचो नाही."

कप्तानाने मान वर केली. "हा मला अरेतुरे करतोय."

"ते सगळ्यांनाच करतात, साहेब," शेजारचा कारकून म्हणाला. "देवालाही."

"देवाला मीही करतो," कप्तान म्हणाला. रांगेतली माणसं हसली. मागच्या एका शिपायाने हसत हसत बंदुकीच्या नळीने इनॉकची टोपी उडवली. ती शेणात पडली. केटुराने खाली वाकून ती उचलली, आपल्या एप्रनला पुसली आणि बापाच्या डोक्यावर ठेवली. पुन्हा कुणी उडवली नाही.

बंदूक कुठे आहे, कप्तानाने विचारलं. लढाईच्या जागीच राहिली, तुझ्याच माणसांकडे असेल, इनॉक म्हणाला. कप्तानाने दाखला दोनदा वाचला.

"यात लिहिलंय, केल्याचं तुला दुःख झालं असं तू स्वतः सभेत सांगितलंस. हे खरं?"

दाताळ्याचा दांडा मातीत जरासा रुतला. माशा त्याच्या मांडीवरच्या फडक्यावर बसत होत्या, उठत होत्या. पासष्ट वर्षांत इनॉक थॉर्नबरी खोटं बोलला असेल तर ते कुणी ऐकलेलं नव्हतं. केटुरा जवळच उभी होती. 'नाही' म्हणाला तर दाखला खोटा ठरणार होता, आणि दाखल्यामागचा कागद कुणी लिहिला हे पुढचं विचारणं होतं.

"हो," इनॉक म्हणाला.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. दोन दिवसांपूर्वी तिनेही तेवढ्याच पट्टीत म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी ती पुस्तक घेऊन खाटेशी आली तर तो म्हणाला, आज नको, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आज नको. मग तिने विचारणं सोडलं. पुस्तक फळीवर राहिलं. रोज ती ते पुसायची.

*

गहू पिकला आणि सभेतले अठरा जण विळे घेऊन आले. सभेबाहेर गेलेल्याच्या शेतावर कुणी आलं नसतं. इनॉक सभेत होता म्हणून सगळे आले. मॉर्डेकाय सगळ्यांत पुढच्या पातीला लागला. कंबर मोडेपर्यंत कापत राहिला, वर बघितलं नाही. इनॉकला अक्रोडाखाली पेंढ्यावर निजवलं होतं. त्याचे हात मोकळे होते, म्हणून तो काडांना पीळ देऊन पेंढ्यांचे बंध वळत होता. बोटांना डोळे लागत नाहीत.

दुपारच्या आधी अ‍ॅग्नेस आली. हातात आर्चीचा विळा. दर वर्षी ही दोन घरं एकमेकांचा गहू कापायची, आधी यांचा, मग त्यांचा. यंदा त्यांचा नव्हता.

"तू कशाला आलीस?" केटुरा म्हणाली.

"घरी बसून काय करू? घोड्यांनी सगळं आवरलंय." ती केटुराच्या मागे बांधायला लागली. दहा-बारा पेंढ्या बांधल्या. मग बंध ओढता ओढता म्हणाली, "सभेत वाचलं म्हणे. आमच्याबरोबर आल्याचं इनॉकला दुःख झालं."

केटुराचा विळा थांबला. "बंदूक," ती म्हणाली, आणि पुढच्या काडांची मूठ धरली.

"त्या सकाळी मीच म्हटलं होतं आर्चीला, त्या म्हाताऱ्याला कशाला नेतोस, त्याला धड दिसत नाही. तर म्हणाला, इनॉक बाजूला असला की मला तेवढी भीती वाटत नाही." अ‍ॅग्नेसने गाठ मारली आणि पेंढी गुडघ्याने दाबली. "तुला बोल लावत नाही. तुमचं पीक उभं राहिलं ते चांगलंच झालं. फक्त बरं झालं आर्ची गेला. हे ऐकायला राहिला नाही."

अक्रोडाचं झाड सहा पावलांवर होतं. इनॉकचे हात थांबले होते. अर्धा वळलेला बंध बोटांत होता. आता तो सांगेल, असं केटुराला वाटलं, आणि सांगावं असंही वाटलं. मग बोटं हलली. त्याने तो बंध पुरा केला, बाजूच्या ढिगावर ठेवला आणि चाचपत पुढच्या काड्या उचलल्या.

दिवस मावळायच्या आत शेत मोकळं झालं. केटुराने अ‍ॅग्नेसला पाच पेंढ्या द्यायला काढल्या. तिने दोन घेतल्या.

*

गहू खळ्यावर आला आणि इनॉकचं खाणं सुटलं. मक्याची पेज दोन घास. मांडीपासून काळा रंग पोटाकडे चढायला लागला. केटुरा पोटीस बांधत राहिली, कारण न बांधणं म्हणजे बोलून दाखवण्यासारखं होतं.

एका सकाळी, दाराशी ऊन आलं होतं, तो म्हणाला, "वाच."

तिने घाईने पुस्तक काढलं. कोणतं पान, तिने विचारलं.

"ते नाही. तो कागद."

ती उभी राहिली.

"तू जाळला नसशील," तो म्हणाला. "तू लिहिलेलं कधी जाळत नाहीस. लहानपणी गिरवलेलंसुद्धा नाही."

फणीची पेटी उघडताना दात बोटाला लागले. कागदाला अळशीचा वास येत होता. ती खाटेच्या कडेला बसली आणि पहिल्यापासून वाचत गेली. ते वाक्यही तिने वाचलं. बंदूक नेली याचं मला दुःख आहे. गेलो याचं नाही.

"परत," तो म्हणाला.

तिने परत वाचलं, शेवटपर्यंत.

"असंच म्हणालो होतो मी," इनॉक म्हणाला. त्याने डोळे मिटले. ती माफी मागायला शब्द जुळवत होती. तिला इतकी पानं पाठ होती आणि त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

"बाबा, मी..."

"आधी मला तुझ्या आईशेजारी जाऊ दे," तो म्हणाला. "मग."

एवढंच. ओठांच्या कडेला काहीतरी हललं, हसूही असेल. तिने त्याला पाणी पाजलं. त्यातलं बरंचसं हनुवटीवरून गेलं आणि तिने ते पुसलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. खळ्यावर मळणी चालली होती. काठ्यांचा ठेका येत होता, आणि कुणीतरी सांगितल्यावर तो थांबला.

कोपऱ्यातल्या खांबापासून केटुराने स्वतः पावलं मोजली आणि बाराव्यावर टाच रोवली. मॉर्डेकायने खणायला सुरुवात केली. लाल माती उन्हाने दगडासारखी झाली होती. कुणी भाषण केलं नाही, दगड ठेवला नाही. माती सारखी केली आणि सगळे घरी गेले.

*

जुलैत बातमी आली की गव्हर्नर दुसऱ्या प्रांतावर बदलून गेला. इकडे त्याने काही जणांना फासावर दिलं होतं, महाल मागे ठेवला होता, आणि जाताना मागे वळून बघितलं असेल असं कुणी म्हणालं नाही. गिरणीच्या कुरणातली पलटण उठली. तिथे गवत पिवळं पडलं होतं, तंबूंच्या आकाराचं.

केटुराने शाई काढली आणि स्वतःचा कागद लिहिला. एका बैठकीत. मग तो घेऊन मॉर्डेकायकडे गेली. तो दारातच वाचत उभा राहिला. वाचताना त्याचे ओठ हलायचे, त्यामुळे तो कुठे पोचलाय ते कळत होतं.

"हे वाचलंच पाहिजे?" तो म्हणाला.

"मी खोटं बोलले. रीत तीच आहे ना? दोष काय केला ते स्पष्ट लिहायचं. काय गाळलं ते लिहिल्याशिवाय दोष कसा कळणार?"

"ते काढ असं मी सांगितलं होतं, केटुरा."

"तू काढ म्हणालास. 'हो' मी म्हणाले."

तो कागद त्याने परत दिला नाही.

मग ती टेकाड उतरून अ‍ॅग्नेसकडे गेली. अ‍ॅग्नेस मोडलेल्या गव्हाच्या शेतात उशिराचा मका खुरपत होती. पहिल्या दिवशी सभेला ये, केटुरा म्हणाली. अ‍ॅग्नेसने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. तुमच्याकडे गाणं नाही, प्रवचन नाही, तिथे येऊन मी काय करू, तिने विचारलं. मागच्या बाकावर बस, केटुरा म्हणाली, एवढंच कर.

ती आली. सगळ्यांत मागे, दाराजवळ, खुरप्याची माती अजून नखांत असलेली. गप्प बसायची सवय नसल्यामुळे ती तासभर एप्रनची कड दुमडत राहिली, उलगडत राहिली. मग मॉर्डेकाय उठला आणि त्याने केटुराचं नाव घेतलं.

ती उभी राहिली. धरायला काही नव्हतं. बापाला दाताळं होतं. तिने हात दोन्ही बाजूंना सोडून दिले.

मॉर्डेकायने वाचलं. सहाव्या महिन्याच्या एक तारखेला माझे वडील इनॉक थॉर्नबरी यांनी मला विचारलं, मी सांगितलं तसंच आहे ना, आणि मी हो म्हणाले. ते तसं नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं आणि त्यांचा माझ्यावर विश्वास होता. त्या 'हो'मुळे त्यांनाही पुढे एक 'हो' म्हणावं लागलं, ते माझ्या वाट्याचं धरावं. याचं मला दुःख आहे. जे मी गाळलं ते असं.

इथे तो थांबला. चष्मा काढला, पुसला, लावला. वाटलं असतं तर इथे कागदाची घडी घालता आली असती. पुढे काय आहे हे बाकी कुणालाच माहीत नव्हतं.

"बंदूक नेली याचं मला दुःख आहे," त्याने वाचलं. "गेलो याचं नाही. आर्ची मॅकल्रॉय माझा शेजारी होता. तो पुन्हा बोलवायला आला तर मी रिकाम्या हातांनी जाईन."

कुणी हललं नाही. वाचून झाल्यावर सगळ्यांनी गप्प बसायचं आणि उभ्या माणसाने उभं राहायचं, आत काही उमटेपर्यंत. छताच्या तुळईवर गांधीलमाशी फिरत होती. केटुरा समोरच्या भिंतीकडे बघत होती.

मागे बाक करकरला. कुणीतरी उठलं होतं. वाचल्यानंतरच्या शांततेत कुणी उठत नाही, पण अ‍ॅग्नेसला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या जड बुटांचा आवाज फळ्यांवरून बायकांच्या बाकांमधून पुढे आला. काही टोप्या वळल्या. ती केटुरापर्यंत आली. तिने केटुराचा हात धरला नाही, काही बोललीही नाही.

नुसती शेजारी उभी राहिली.